‘टॉप ऑफ द पॉप्स’ सुट्या गाण्यांतून कळत नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या इंग्रजी पॉप संगीतावर मराठी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत कुणी लिहिलं, की बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या साप्ताहिक पॉप गाण्यांच्या टीव्ही कार्यक्रमाचा उल्लेख हमखास येतो. बहुतेक वेळा तो एखाद्या तीन मिनिटांच्या चित्रफितीच्या आधाराने आलेला असतो. अमुक बँडने मंचावर काय केलं, तमुक गायकाने कसे कपडे घातले होते, इथेच तो संपतो. हा कार्यक्रम असा तुकड्यातुकड्यांनी पाहणं मला मनापासून खटकतं. तो एका ठरावीक आठवड्याच्या रेकॉर्डविक्रीवर उभा असे. कोणतं गाणं घ्यायचं, ते कितव्या जागी लावायचं आणि शेवट कशाने करायचा, हे सारं त्या विक्रीवरून ठरे. बीबीसी फोर या वाहिनीवर त्याचे जुने भाग ओळीने दाखवले जातात आणि ब्रिटनमधले मराठी वाचक ते पाहू शकतात. त्यांनी ते सलग पाहावेत, आणि पाहताना काय ध्यानात घ्यावं, यासाठी हे पत्र.

कार्यक्रम सुरू झाला १ जानेवारी १९६४ रोजी, मँचेस्टरमधल्या एका जुन्या चर्चचा स्टुडिओ केला होता तिथून. शेवटचा साप्ताहिक भाग ३० जुलै २००६ रोजी झाला. बीबीसी फोरने एप्रिल २०११ मध्ये पुनःप्रक्षेपण सुरू केलं ते मात्र १९७६ च्या एप्रिलपासून, म्हणजे बरोबर ३५ वर्षं मागून. पुढे आठवड्याला दोन भाग दाखवायला लागल्यावर हे अंतर कमी होत गेलं. १९७६ च्या आधीपासून सुरुवात करता आली नाही, कारण त्याआधीचं बरंचसं चित्रण उरलेलंच नाही. व्हिडिओटेप महाग होती आणि पुसून पुन्हा वापरता येत असे. कलाकार आणि वादकांच्या संघटनांशी झालेल्या करारांमुळे कार्यक्रम पुन्हा दाखवण्यावर मर्यादा होत्या आणि घरोघरी व्हिडिओ यायचा होता. त्यामुळे एकदा दाखवून झालेल्या पॉप कार्यक्रमाची टेप जपून ठेवण्याचं कारण कुणाला दिसलं नाही. १९६० च्या दशकातले पूर्ण भाग हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच शिल्लक आहेत. बीटल्स या कार्यक्रमात प्रत्यक्ष येऊन सादर झाले ते एकदाच, जून १९६६ मध्ये. तीही टेप गेली. कुणीतरी घरच्या टीव्हीच्या पडद्यावरून ८ मिमी कॅमेऱ्याने टिपलेला एक मूक तुकडा २०१९ मध्ये पुढे आला, त्यावरच समाधान मानावं लागतं. १९७६ नंतरचा साठा जवळजवळ सलग हाती आहे, म्हणून तो सलगच पाहायला हवा.

पाहायला बसताना त्या आठवड्याचा चार्ट, म्हणजे विक्रीनुसार लावलेली गाण्यांची क्रमवारी, समोर ठेवा. ब्रिटनमधली ही क्रमवारी देणाऱ्या ऑफिशियल चार्ट्सच्या संकेतस्थळावर जुने साप्ताहिक चार्ट मिळतात. तारखांचा घोळ मात्र पुष्कळांचा होतो. १९७० च्या दशकात नवा चार्ट मंगळवारी जाहीर व्हायचा, कार्यक्रमाचं चित्रीकरण बहुधा बुधवारी आणि प्रक्षेपण गुरुवारी असे. चार्टवर तारीख छापली जाई ती मात्र पुढच्या शनिवारची. म्हणजे २८ जून १९७९ चा भाग पाहत असाल तर ३० जूनचा चार्ट काढा. ट्यूबवे आर्मी या बँडचं ‘आर फ्रेंड्स इलेक्ट्रिक’ त्यातच पहिल्या क्रमांकावर चढलं आहे. मागच्या शनिवारचा चार्ट उघडला तर सगळे क्रमांक चुकतात आणि निवेदकच चुकीचं बोलतोय असं वाटतं. संकेतस्थळावर रविवार ते शनिवार असा आठवडा दिलेला असतो, कार्यक्रमाचा गुरुवार ज्यात बसतो तोच आपला चार्ट. ऑक्टोबर १९८७ पासून चार्ट रविवारी जाहीर होऊ लागला आणि जून १९९६ मध्ये कार्यक्रम शुक्रवारी गेला, तरी हा हिशेब चालतो.

मग निवड कशी झाली ते पाहा. पहिला निर्माता जॉनी स्ट्युअर्ट याने घालून दिलेला मूळ नियम साधा होता. खाली घसरणारं गाणं घ्यायचं नाही, एकच गाणं लागोपाठ दोन आठवडे घ्यायचं नाही, आणि शेवट पहिल्या क्रमांकाच्या गाण्याने करायचा. पहिल्या क्रमांकाला लागोपाठचा नियम लागू नव्हता. पुढे नियम सैल झाले आणि अजून चार्टात न आलेली नवी प्रकाशनंही मधे घेतली जाऊ लागली, त्यामुळे एखादं गाणं यादीत सापडलं नाही तर गोंधळू नका. पण मूळ चौकट कळली की एरवी न सुटणारी कोडी सुटतात. दुसऱ्या क्रमांकावरचं लोकप्रिय गाणं या भागात का नाही? मागच्या आठवड्यात होऊन गेलं म्हणून. अठ्ठाविसाव्या क्रमांकावरच्या अनोळखी गायकाला चार मिनिटं का मिळाली? तो वर चढत होता म्हणून. आज विस्मरणात गेलेल्या या गाण्यांतच त्या काळच्या ब्रिटनची खरी आवड दिसते. निवडक सुट्या चित्रफिती पाहून १९७६ म्हणजे पंक या बंडखोर रॉक संगीताची चाहूल असं वाटतं. सलग पाहिलं तर पुनःप्रक्षेपणातले सुरुवातीचे भाग एकामागून एक ब्रदरहुड ऑफ मॅनच्या ‘सेव्ह युअर किसेस फॉर मी’वर संपतात. ते गाणं सहा आठवडे पहिलं होतं आणि युरोव्हिजन ही गीतस्पर्धाही जिंकलं होतं. कंटाळून ते पुढे ढकलू नका. तेच गाणं दर आठवड्याला कसं भागवून नेलं जातं, कधी नवं सादरीकरण, कधी जुनीच टेप, हे पाहण्यासारखं आहे.

जुनी टेप ओळखणं सोपं आहे. गाणं चढत राहिलं तर आधीचंच चित्रण पुन्हा लावलं जाई. निवेदकाच्या मागे उभ्या प्रेक्षकांचे कपडे आणि लगेच पुढे गाण्यात दिसणारे प्रेक्षक ताडून पाहा. एकही चेहरा जुळत नसेल तर गाणं आधीच्या एखाद्या आठवड्यातलं आहे.

आता आवाजाविषयी, कारण सर्वांत जास्त गैरसमज इथे आहेत. ‘सगळे नुसते ओठ हलवायचे’ हे विधान सरसकट सगळ्या वर्षांना लावता येत नाही. १९६६ मध्ये वादकांच्या संघटनेच्या आग्रहामुळे रेकॉर्ड वाजवून तोंड हलवण्यावर बंदी आली. त्यानंतर दोन मार्ग उरले. एक तर कार्यक्रमाच्या, जॉनी पिअरसनच्या वाद्यवृंदासोबत स्टुडिओत गायचं, नाही तर कार्यक्रमासाठी मागच्या वाद्यांचा ट्रॅक नव्याने ध्वनिमुद्रित करून आणायचा. हा नवा ट्रॅक काही तासांत उरकावा लागे. म्हणून अनेकदा नव्याऐवजी मूळ रेकॉर्डची टेपच गुपचूप दिली जाई, हे त्या काळच्या लोकांनी पुढे उघडपणे सांगितलं आहे. तेव्हा १९७६ ते १९८० च्या भागांत प्रत्येक गाणं वेगळं तपासावं लागतं. मूळ रेकॉर्ड शेजारी लावा. रेकॉर्ड हळूहळू विरत संपते आणि इथे ठाम शेवट आहे, तर ट्रॅक नवा किंवा वाद्यवृंद प्रत्यक्ष आहे. ब्रास, म्हणजे पितळी फुंकवाद्यांचा आवाज, रेकॉर्डपेक्षा जाड आणि पुढे ऐकू येतो, लय किंचित घाईची वाटते, मागचे कोरसचे आवाज ओळखीचे नाहीत, तर वाद्यवृंद नक्की. सगळं रेकॉर्डशी तंतोतंत जुळतंय पण मुख्य गायकाचा श्वास आणि चुका वेगळ्या आहेत, तर ट्रॅक तयार आणि गळा खरा. गिटारला वायर नाही एवढ्यावरून निकाल देऊ नये, गळा तरीही खरा असू शकतो.

१९८० च्या उन्हाळ्यात बीबीसी आपले काही वाद्यवृंद बंद करणार म्हणून वादकांनी संप केला आणि कार्यक्रम जूनच्या सुरुवातीपासून ऑगस्टपर्यंत बंद राहिला. पुनःप्रक्षेपणात इथे सरळ उडी दिसते. भाग गहाळ झाले असं समजून लोक शोधत बसतात, पण ते झालेच नव्हते. डॉन मॅक्लिनचं ‘क्रायिंग’, ऑलिव्हिया न्यूटन-जॉन आणि ईएलओ या बँडचं ‘झॅनाडू’, ओडिसीचं ‘यूझ इट अप अँड वेअर इट आउट’ ही तिन्ही गाणी या खंडाच्या काळात पहिल्या क्रमांकावर येऊन गेली, त्यांचा मान कार्यक्रमाला करताच आला नाही. संपानंतर दर आठवड्याचा वाद्यवृंदही परतला नाही. इथून पुढे रेकॉर्डवर ओठ हलवणं खरोखर सर्रास झालं.

त्या पद्धतीत काय बिघडू शकतं याचा धडा ऑगस्ट १९८८ मधल्या ऑल अबाउट ईव्ह या बँडच्या भागात आहे. कार्यक्रम थेट चालू होता. ‘मार्थाज हार्बर’चा ट्रॅक घरी प्रेक्षकांना ऐकू येत होता, मात्र स्टुडिओतल्या कलाकारांच्या स्पीकरवर तो पोचलाच नाही. गाणं सुरू आहे आणि गायिका शांत बसून आहे, असं दृश्य देशभर दिसलं. प्रक्षेपणाची वाट आणि स्टुडिओतल्या स्पीकरची वाट वेगळी असते, दुसरी बंद पडली तर मंचावरच्या माणसाला कळायला मार्गच नसतो. हे पाहून त्या गायिकेला हसणाऱ्यांची मला चीड येते.

नृत्यगटांचंही असंच. गायक स्टुडिओत येऊ शकत नसेल, विशेषतः अमेरिकेतला असेल, आणि त्याची चित्रफीतही नसेल तर गाण्यावर नाच बसवला जाई. १९७६ च्या एप्रिलअखेरपर्यंत पॅन्स पीपल, मग काही महिने रुबी फ्लिपर, नंतर १९८१ पर्यंत लेग्ज अँड को, पुढे झू, आणि या साऱ्यांची नृत्यदिग्दर्शिका फ्लिक कोल्बी. ‘शब्दाला शब्द अभिनय’ म्हणून तिची चेष्टा होते. चार्ट मंगळवारी लागायचा, बुधवारी चित्रीकरण. आधी बसवलेलं गाणं घसरलं की ते टाकून दुसरं धरायचं. इतक्या वेळात कपडे, मंच आणि पावलं ठरवायची तर गाण्याच्या शब्दांचाच आधार घ्यावा लागणार. मला त्या नाचांत मेहनतच दिसते.

काही भाग पुनःप्रक्षेपणात येणारच नाहीत, हेही ठाऊक असावं. निवेदक जिमी सॅव्हिलचे लैंगिक गुन्हे ऑक्टोबर २०१२ मध्ये उघड झाल्यावर त्याचं निवेदन असलेले भाग वगळले गेले. दुसरा निवेदक डेव्ह ली ट्रॅव्हिस याचे भागही थांबवले गेले आणि त्याला २०१४ मध्ये शिक्षा झाली. तिसरा निवेदक माइक स्मिथ याचं कारण पूर्ण निराळं आहे, त्याने पुनःप्रक्षेपणाच्या परवान्याला संमती दिली नव्हती आणि त्याच्या निधनानंतरही ती इच्छा पाळली गेली. त्यामुळे लागोपाठच्या दोन भागांत दोन-तीन आठवड्यांचं अंतर दिसलं तर मधले चार्ट वाचूनच पुढे जा. नाही तर एखादं गाणं पंचविसाव्यावरून थेट तिसऱ्यावर कसं आलं ते कळणार नाही. शिवाय सुरुवातीच्या वर्षांत संध्याकाळचा भाग अर्ध्या तासात बसवण्यासाठी कापलेला असे आणि पूर्ण भाग रात्री उशिरा लागे. ज्यांनी त्या वेळी घरी मुद्रित करून ठेवले आहेत त्यांनी लांबी तपासावी. तीस मिनिटांच्या आत असेल तर एखादं गाणं गेलेलं आहे.

चित्राबद्दल थोडं. मूळ चित्र ४:३ आहे. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या राहू द्या, ताणून रुंद केलं की नर्तक बुटके होतात. टीव्हीतलं ‘मोशन स्मूदिंग’, म्हणजे मधल्या चौकटी स्वतःच भरण्याची सोय, बंद करा. स्टुडिओतलं चित्रण सेकंदाला ५० अर्धचित्रांचं (एकाआड एक रेघांच्या चित्रांचं) आहे, म्हणून ते मुळातच सळसळीत दिसतं, आणि मधेच येणारी फिल्मवरची चित्रफीत २५ चौकटींची असल्याने जड दिसते. हा फरक खरा आहे, तो पुसू नये. इतरत्र चढवलेल्या चित्रफितींत निम्मी अर्धचित्रं टाकून दिलेली असतात आणि नाच अडखळत चालल्यासारखा वाटतो. चमकत्या गिटारमागे उमटणारी प्रकाशाची शेपटी ही त्या काळच्या कॅमेऱ्यातल्या नळीची, केसांभोवतीची निळसर कड पार्श्वभूमी बदलण्याच्या तंत्राची, आणि बारीक रेघांच्या कोटावर नाचणारे रंग पाल या रंगीत प्रक्षेपणाच्या पद्धतीचे. यासाठी टीव्हीची सेटिंग बदलत बसू नका. १९७० च्या दशकातला आवाज मोनो आहे, सराउंड बंद ठेवा.

ऑक्टोबर १९९१ पासूनच्या भागांना मात्र वरची आवाजाची कसोटी लावू नका. कार्यक्रम एल्स्ट्रीच्या स्टुडिओत गेला, बीबीसीच्या रेडिओ वन या रेडिओ वाहिनीचे निवेदक गेले, आणि मुख्य गायकाने प्रत्यक्ष गायलाच हवं असा नियम आला. त्याच नोव्हेंबरात निर्वाणा या बँडच्या कर्ट कोबेनने ट्रॅकवर मुद्दाम खालच्या पट्टीत, घोगऱ्या आवाजात ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ म्हटलं. हा तुकडा आज सगळीकडे फिरतो आणि ‘कार्यक्रमाच्या ओठ हलवण्याची खिल्ली’ म्हणून सांगितला जातो. प्रत्यक्षात त्याचा गळा त्या दिवशी खरा होता, कारण नियमच तसा होता. वाद्यं तेवढी ट्रॅकवरची होती. फेब्रुवारी १९९४ मध्ये नवा निर्माता रिक ब्लॅक्सिल आल्यावर हा नियम पुन्हा सैल झाला. या सुमारे सव्वादोन वर्षांतले भाग आधीच्या आणि नंतरच्या भागांशी ताडून पाहिले तर कोणता गायक खरंच गाऊ शकत होता हे लगेच कळतं.

आपल्या पुरवणीत यापुढे या कार्यक्रमातल्या एखाद्या गाण्यावर मजकूर आला, तर त्याखाली प्रक्षेपणाची तारीख आणि त्या आठवड्याचे पहिले दहा क्रमांक छापावेत, अशी विनंती. दहा ओळींची जागा लागेल.

आपला,
एक नियमित वाचक