बांध कोरला तरी जमीन आपली होत नाही

महोदय,

नांगरट सुरू झाली की तहसील कचेरीत बांधाच्या तक्रारी वाढतात. ट्रॅक्टर बांधाला खेटून चालवायचा, फाळ बांधाच्या पोटात घालायचा, एका हंगामात एखादा तास, म्हणजे नांगराची एक ओळ, आपल्याकडे ओढायचा. वीतभर गेली म्हणून कोण भांडत बसणार? पण काही वर्षांत बांधावरचे बोरीचे झाड शेजाऱ्याच्या वावरात उभे दिसते. आमच्या गटात हेच झाले. विचारायला गेलो तर उत्तर आले, "बारा वर्षं आम्हीच वाहतोय, आता ती आमचीच."

हा समज गावोगाव पक्का बसला आहे आणि तो अर्धवट आहे. 1963 च्या मुदत कायद्यात बारा वर्षांची तरतूद आहे, हे खरे. पण ताबा उघड, अखंड आणि मालकाच्या हक्काला आव्हान देणारा असावा लागतो, आणि ते शाबीत करायची जबाबदारी ताबा सांगणाऱ्यावर असते. दरसाल एकेक तास कोरणाऱ्याची बारा वर्षे त्या त्या तासापुरतीच मोजायला हवीत. यंदा कोरलेली पट्टी यंदाचीच. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याचा नव्याने विचार व्हावा असे सरकारला सुचवले होते. 2023 मध्ये विधी आयोगाने मात्र बदलाची गरज नाही असा अहवाल दिला. म्हणजे तरतूद राहणारच. मालकानेच जागे राहायला हवे.

जागे राहायचे तर मुदत ठाऊक पाहिजे, आणि ताबा चटकन परत मिळवायची मुदत बारा वर्षांची नाही. जबरीने ताबा गेला तर 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे सहा महिन्यांत दावा करता येतो. दिवाणी न्यायालयात मालकी सिद्ध न करता नुसता ताबा परत मागायचा, तरी मुदत सहाच महिन्यांची. आपल्याकडे माणूस आधी भावकीला मध्ये घालतो, मग दिवाळी होऊ दे म्हणतो, आणि मुदत निघून जाते. मुंबई-पुण्यात नोकरी करणाऱ्यांना तर बांध सरकल्याचे वर्षभराने कळते.

पोलिसांत गेले की "हा दिवाणी वाद आहे" असे ऐकवले जाते. बांध कोरण्यापुरते ते बरेचदा बरोबरही असेल. पण सरकारी मोजणीत रोवलेला हद्दीचा दगड मुद्दाम उपटणे किंवा सरकवणे हा गुन्हा आहे, त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ती तक्रार ठाण्यात नोंदवून घेतलीच पाहिजे.

भूमी अभिलेख खात्याकडे आता उपग्रहाच्या मदतीने मोजणारी रोव्हर यंत्रे आहेत, मोजणी नेमकी होते. पण भूकरमापक खुणा दाखवून गेले की दगड रोवणे शेतकऱ्यावर राहते आणि नेमके तिथेच भांडण पेटते. मोजणीच्या दिवशीच, दोन्ही लगतदारांसमोर, खात्यानेच दगड रोवून पंचनामा करावा. आणि मोजणीच्या 'क' प्रतीवर, म्हणजे मोजणीनंतर मिळणाऱ्या नकाशावर, दोन ओळी ठळक छापाव्यात: ताबा गेल्यास सहा महिन्यांत तहसीलदाराकडे दावा करा, दगड हलवणे हा दखलपात्र असो वा नसो, गुन्हाच आहे.

– एक शेतकरी, बार्शी, जि. सोलापूर