शिलाईवाल्या ताईंचे आभार, आणि बायका माप देताना विचारतात त्याची उत्तरं

ताई, सप्रेम नमस्कार.

स्तनांचा आकार कमी करण्याचं ऑपरेशन झालेल्या बायकांसाठी तुम्ही ज्या ब्रा शिवून देता, त्याबद्दल आम्ही जळगावातल्या शस्त्रक्रिया वॉर्डाच्या नर्स आणि फिजिओथेरपिस्ट मिळून हे पत्र लिहितो आहोत. जाहीर लिहितो, कारण तुमचं काम चारचौघींना कळायला हवं. शिवाय माप देताना बायका दबक्या आवाजात तुम्हाला जे विचारतात, त्याचीही उत्तरं इथे देता येतील.

आधी त्या ब्राबद्दल. ती पुढून उघडते, त्यामुळे हात डोक्यावर न्यावे लागत नाहीत. हुकांच्या तीन रांगा असल्यामुळे सूज असताना ती सैल ठेवता येते आणि सूज उतरली की घट्ट करता येते. हुकांच्या मागे मऊ पट्टी, शिलाई बाहेरच्या अंगाला, तार कुठेच नाही. ऑपरेशननंतर नेमका आकार किती उरेल हे आधी सांगता येत नाही. ते ओळखून तुम्ही माप फक्त छातीखालच्या घेराचं घेता आणि वरचा भाग ताणल्या जाणाऱ्या होजिअरी कापडाचा ठेवता. बाजारातल्या ब्राची शिलाई स्तनाखालच्या घडीवर येते, आणि टाकेही नेमके तिथेच असतात. तुमची तिथे लागत नाही. चार ते सहा आठवडे रात्रंदिवस घालायच्या कपड्यात एवढ्याशा गोष्टीने फार फरक पडतो.

दुसरे आभार तुमच्या नजरेचे. माप घेताना खांद्यावर पट्ट्यांचे खोल वळ दिसले, घडीखालची कातडी लाल, ओली दिसली, की तुम्ही तिला दवाखान्यात जायला सांगता. 'मनी पाठ दुखस वं माय' म्हणत वर्षानुवर्षं मलम चोळणाऱ्या बाईला हे कुणीतरी सांगावं लागतं. स्तनांच्या भाराने मान, खांदे, पाठ दुखणं, हाताला मुंग्या येणं हा आजार आहे. त्याचा इलाज मागण्यात लाजण्यासारखं काहीही नाही, हे आम्ही ठामपणे म्हणतो.

पण प्रत्येकीला ऑपरेशन लागतं असं नाही. आधी बरोबर मापाची, रुंद पट्ट्यांची ब्रा घालून पाहावी, पाठीच्या स्नायूंचे व्यायाम करावेत आणि वजन जास्त असेल तर ते कमी करावं. घडीखालची खाज हा तर आपल्याकडच्या उन्हाळ्याचा ठरलेला त्रास. पारा पंचेचाळीसला गेला की घाम तिथे साचतो आणि बुरशी धरते. तिथली जागा धुऊन पूर्ण कोरडी करायची, मऊ सुती कापड ठेवायचं आणि बुरशीवरचं औषध डॉक्टरांच्या सांगण्यानेच लावायचं. मेडिकलवरून आणलेल्या मिश्र ट्यूबमध्ये बरेचदा स्टिरॉइड असतं. खाज लगेच थांबते, पण कातडी पातळ होते आणि बुरशी आणखी चिवट होते. एवढं सगळं करूनही दुखणं हटत नसेल, तर मग ऑपरेशनचा विचार.

तो कधी करायचा? वाढ थांबल्यावर, म्हणजे साधारण अठराच्या पुढे, आणि वजन काही महिने स्थिर असताना. बाळ पाजणं बंद करून निदान सहा महिने झालेले असावेत. पुढे मूल हवं असेल तर सर्जनला स्पष्ट सांगा. ऑपरेशननंतर दूध कमी येऊ शकतं, काहींना येतही नाही, आणि गरोदरपणात आकार पुन्हा वाढू शकतो. शेतातल्या बाईने कापूस वेचणी उरकल्यावर आणि पापडांचा हंगाम लागण्याआधी तारीख घेतली, तर घामाचाही त्रास कमी आणि कामाचाही खोळंबा कमी.

आता मिसरी. ताई, ही गोष्ट तुम्ही आवर्जून विचारा, कारण दवाखान्यात ती लपते. डॉक्टर विचारतात, 'सिगारेट ओढता का?' बाई खरंच सांगते, 'नाही.' मिसरी, तंबाखूचं पान, गुल यांचं कुणी विचारत नाही. पण निकोटिन त्यातूनही रक्तात जातं आणि बारीक रक्तवाहिन्या आकसतात. या ऑपरेशनमध्ये स्तनाग्र एका अरुंद ऊतीच्या पट्ट्यावर जिवंत ठेवलेलं असतं. त्याचा रक्तपुरवठा कमी पडला तर ते काळं पडून गळू शकतं, जखमा उकलतात. म्हणून ऑपरेशनच्या आधी निदान चार आठवडे आणि नंतरही चार आठवडे मिसरी पूर्ण बंद. कमी करणं चालत नाही. साखर, हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गर्भनिरोधक गोळ्या, जडीबुटीची औषधं चालू असतील तर सांगावं आणि मनाने काही बंद करू नये. चाळिशीच्या पुढे, किंवा घरात कुणाला स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर आधी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे.

सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डीएनबी ही पदवी असावी, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी असावी. ही दोन्ही विचारायला संकोच नको.

ऑपरेशन पूर्ण भूल देऊन होतं, बहुधा दोन ते चार तास चालतं. त्याआधी बाईला उभं किंवा बसवून पेनाने खुणा करतात, कारण आडवं झाल्यावर स्तन सरकतात. चीर बहुतेकदा स्तनाग्राभोवती, तिथून सरळ खाली आणि घडीतून आडवी असते. काढलेला भाग पॅथॉलॉजीला तपासायला जातो, तो अहवाल जपून ठेवा. आकार फारच मोठा असेल तर स्तनाग्र सुटं काढून कातडीच्या कलमासारखं पुन्हा बसवतात. मग दूध पाजणं जातं आणि तिथली संवेदनाही बरीचशी जाते, हे आधीच कळायला हवं. एरवीही संवेदना काही महिने कमी राहते, काहींची परत येत नाही. दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या होतील आणि अमुकच मापाची ब्रा बसेल, असं वचन कुणी दिलं तर त्यावर विश्वास ठेवू नका.

खर्चाचं थोडक्यात. आरोग्य विम्यात सौंदर्यासाठीचं ऑपरेशन वगळलेलं असतं. वैद्यकीय गरज असल्याचं उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लेखी दिलं तरच दाव्याला आधार मिळतो. म्हणून फिजिओथेरपीच्या, कातडीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या पहिल्यापासून जपाव्यात आणि मंजुरी ऑपरेशनआधी लेखी घ्यावी. सरकारी योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावं.

घरी आल्यावर खरी कसोटी बाईची नसते, घरच्यांची असते. चार ते सहा आठवडे दोन-तीन किलोच्या वर काहीही उचलायचं नाही. भरलेला हंडा नाही, लेकरू कडेवर नाही, कपडे पिळणं नाही. कळण्याची भाकरी थापणं थोडे दिवस दुसऱ्या कुणाकडे. खापरावरचे मांडे (मोठ्या पुरणपोळ्या) करताना तर हात खांद्याच्या वर जातात, त्यामुळे ते सगळ्यात शेवटी. पहिले दोन आठवडे कोपर खांद्याच्या खालीच ठेवायचे. पण हात अंगाला चिकटवून बसलात तर खांदा आखडतो, म्हणून खांदे हळू गोल फिरवणं आणि चालणं दुसऱ्या दिवसापासून. झोपायचं पाठीवर, डोकं थोडं उंच करून. मुंबईहून ऑपरेशन करून भुसावळला रेल्वेने येणारीने खालचा बर्थ घ्यावा आणि तासातासाने उठून चार पावलं चालावं, नाहीतर पायात रक्ताची गाठ होण्याची भीती.

सगळ्यात जास्त जखम उकलते ती उभी चीर आडव्या चिरेला मिळते तिथे, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. तीन कडा तिथे जोडलेल्या असतात, ताण जास्त आणि रक्त कमी. बहुतेकदा ड्रेसिंगने भरून येते. हळद, तेल, राख लावायची नाही. मात्र पहिल्या दोन दिवसांत एक बाजू अचानक फुगून टणक झाली, किंवा केव्हाही स्तनाग्र काळं-निळं पडलं, पू आला, ताप १००.४ च्या वर गेला, पोटरी दुखली किंवा दम लागला, तर सकाळची वाट न बघता तडक दवाखान्यात.

सूज उतरायला तीन ते सहा महिने, व्रण फिके व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं. तोवर महागडी ब्रा घेऊ नये, आणि ब्लाउज शिवताना आत दोन इंच दाब सोडायला सांगावं. पुढे कधी गाठ लागली तर ती मेलेल्या चरबीचीही असू शकते, पण तपासून घेतल्याशिवाय तसं समजू नये. मॅमोग्राफी करताना ऑपरेशन झाल्याचं सांगावं.

ताई, पुढच्या खेपेला खालचा पट्टा अर्धा इंच आणखी रुंद ठेवता आला तर बघा. जाड अंगाच्या बायकांना तो वर गुंडाळला जातो. प्रत्येकीला धुवून वापरता याव्यात म्हणून तीन-तीन लागतील. कापडाचे पैसे आधी कळवा, पाठवून देऊ.

तुमच्या ऋणी,
शस्त्रक्रिया वॉर्डातल्या परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट, जळगाव