फळीवरचा सॅमन: चि. सानिकास पत्र

बेलव्ह्यू, वॉशिंग्टन
ऑगस्टचा शेवटचा आठवडा

चि. सानिकास अनेक आशीर्वाद.

पोर्टलंडच्या घरामागील अंगणात झाकणाचे ग्रिल आले, आता फळीवर सॅमन कसा भाजायचा ते नीट लिहून पाठवा, असे तू कळवलेस. फोनवर सांगितलेली प्रमाणे ऐन वेळी आठवत नाहीत, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

आधी फळीचे काम समजून घे, म्हणजे पुढचे बरेचसे तुझे तुलाच सुचेल. फळी केवळ धुराच्या वासासाठी असते, असा पुष्कळांचा समज असतो. वास लागतो हे खरे, पण तो सौम्य असतो. फळीचे मोठे काम म्हणजे विस्तवाचा चटका स्वतः सोसून माशाला त्यापासून दूर ठेवणे. लाकडातून उष्णता फार सावकाश वर येते, भिजलेल्या फळीची वाफ मांस कोरडे पडू देत नाही आणि झाकण बंद असल्यामुळे मासा वरून गरम हवेत शिजतो. सॅमनच्या मांसाचे पापुद्रे सहज सुटतात, त्यामुळे जाळीवर तो उलटताना हमखास मोडतो. फळीवर तो उलटावाच लागत नाही.

लाकूड वेस्टर्न रेड सीडरचेच घे. कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागापासून अलास्काच्या दक्षिण टोकापर्यंत हे झाड वाढते, आणि या किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांनी होड्या, लांबच लांब घरे, दोर, टोपल्या, इतकेच काय, सालीपासून वस्त्रेही याच झाडाची केली. सॅमन भाजण्याची त्यांची रीत मात्र वेगळी आहे: उघडलेला मासा चिरलेल्या काठीत अडकवून, आडव्या काड्यांनी ताणून, आल्डरच्या निखाऱ्यांशेजारी उभा करतात. देशाच्या पूर्व किनाऱ्यावर शॅड नावाचा मासा ओकच्या फळीला ठोकून विस्तवासमोर धरण्याची पद्धत होती. आपण बंद झाकणाखाली करतो तो प्रकार या दोन्हींपेक्षा अलीकडचा आहे, पण आच माशापासून अंतरावर ठेवण्याची समज या सगळ्यांत सारखीच दिसते.

फळी स्वयंपाकासाठी म्हणून विकली जाणारी घे. बांधकामाच्या सामानाच्या दुकानातून घेणार असशील, तर तिला कसलेही रसायन, रंग किंवा तेल लावलेले नाही याची खात्री केल्याशिवाय घेऊ नकोस. पाइन, फर यांसारखी राळ असलेली लाकडे चालत नाहीत, कारण त्यांचा धूर कडवट असतो. जाडी सेंटिमीटरभर तरी असावी. किराणा दुकानातल्या अगदी पातळ फळ्या मासा शिजण्याआधीच कडेने पेट घेतात. फळी परातीत पाण्याखाली तासभर तरी बुडवून ठेव. ती तरंगते, म्हणून वर वरवंटा ठेव. रात्रभर भिजवण्याने फारसे साधत नाही. पाणी लाकडात खोलवर शिरत नाही, आणि आपल्याला कडा उशिरा पेटायला हव्यात इतकेच.

आता माशाविषयी, कारण खरी निवड इथेच आहे. दुकानात अटलांटिक सॅमन म्हणून मिळतो तो जवळजवळ सगळा पाळीव असतो. त्याला चरबी भरपूर, त्यामुळे तो चुकीलाही सांभाळून घेतो, पण चवीला मला तो सपक वाटतो. प्रशांत महासागराच्या सॅमनांपैकी सॉकाय गडद लाल आणि कमी चरबीचा, दोन मिनिटे जास्त झाली तरी कोरडा पडणारा, कोहो मध्यम, आणि चिनूक, ज्याला इथे किंग म्हणतात, तो सर्वांत मोठा आणि तेलकट. फळीसाठी मी चिनूकच घेईन.

तू तर कोलंबिया नदीच्या जवळच राहतेस. पोर्टलंडहून पूर्वेला तासाभराच्या आत कॅस्केड लॉक्स हे गाव लागते. मासेमारीचा हंगाम खुला असला की तिथे पुलाजवळ याकामा, युमाटिला, वॉर्म स्प्रिंग्ज आणि नेझ पर्स या जमातींचे कोळी स्वतः पकडलेला मासा थेट विकतात. १८५५ च्या करारांत या जमातींनी आपल्या बहुतांश जमिनी सोडल्या, पण नेहमीच्या जागी मासे धरण्याचा हक्क राखून ठेवला. त्या जागांतली सर्वांत मोठी, सेलायलो धबधबा, १९५७ मध्ये द डॅल्स धरणाच्या पाण्याखाली गेली. इतके गमावूनही जे लोक आज त्याच नदीवर जाळी लावतात, त्यांच्याकडून मासा घ्यावा असे मला मनापासून वाटते. शिवाय शरद ऋतूतला चिनूक आता याच दिवसांत नदीत चढतो. जाताना बर्फाची पेटी आणि रोख पैसे ने. मासा अख्खा मिळाला तर आजी वेंगुर्ल्याच्या बाजारात पाहते तसेच पाहा: कल्ले लाल, डोळे फुगीर, आणि बोटाने दाबले तर मांस लगेच वर आले पाहिजे.

साधारण तीन सेंटिमीटर जाडीची, कातडीसकट तुकडी काढ. बोट उलट्या दिशेने फिरवून बारीक काटे शोध आणि चिमट्याने ओढून घे. अर्धा तास आधी मीठ लावून ठेवलेस, तर भाजताना पृष्ठभागावर जो पांढरा साका येतो तो कमी येईल. मग कागदाने कोरडी करून तेलाचा हात फिरव. आपल्या घरी माशाला आगळ किंवा लिंबू चोळण्याची सवय आहे, ती इथे बाजूला ठेव. आंबटामुळे मांस आधीच घट्ट होते, म्हणून लिंबू ताटात वाढताना पिळावे. जाड मसालाही नको, तो तेलात परतला जात नाही आणि कच्चाच राहतो. मीठ, भरड मिरे आणि आवडत असेल तर चिमूटभर हळद, एवढेच पुरे. शेवटच्या पाच मिनिटांत थोडी काकवी ब्रशने लावलीस तर सुंदर रंग येतो. ती आधी लावलीस तर जळते.

ग्रिल २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापव. रिकामी फळी दोन-तीन मिनिटे ठेव आणि तडतड होऊन धुराची पहिली रेघ दिसली की मासा कातडी खाली करून ठेव, फळी कमी आचेच्या बाजूला सरकव आणि झाकण लाव. झाकण सारखे उघडू नकोस. उघडलेस की उष्णता जाते आणि हवा आत शिरून फळीला जाळ धरतो. पाण्याची फवारणीची बाटली हाताशी असू दे. कडा धुमसणे ठीक आहे, ज्वाळा दिसली तर लगेच विझव. वेळ पंधरा ते वीस मिनिटे लागतो, परंतु घड्याळापेक्षा सुईच्या थर्मामीटरवर विश्वास ठेव. अमेरिकेच्या कृषी खात्याने माशासाठी ६३ अंश सांगितले आहेत. पुष्कळ आचारी ५२ च्या आसपासच थांबतात, पण नदीवरून आणलेल्या, न गोठवलेल्या रानटी सॅमनमध्ये परजीवी असू शकतात, म्हणून तू तसे करू नकोस. जाड भागात ६० झाले की उतरव, सैल झाकून पाच मिनिटे ठेव आणि पुन्हा सुई लावून ६३ ची खात्री कर. अजून कमी भरले, तर मिनिट-दोन मिनिटे परत झाकणाखाली ठेव.

वाढताना उलथणे मांस आणि कातडी यांच्या मधून सरकव. कातडी फळीलाच चिकटून राहते, ती तिथेच राहू दे. फळी फार जळाली नसेल तर साबण न लावता घासून, उन्हात पूर्ण वाळवून आणखी एकदा वापरता येते. उतरवल्यावर मात्र ती लाकडी डेकवर कधीही ठेवू नकोस. खालून ती बराच वेळ धुमसत असते, तेव्हा पत्र्याच्या ट्रेवरच ठेव आणि झोपण्यापूर्वी पाण्यात बुडव. आणि पाऊस आला म्हणून ग्रिल गॅरेजमध्ये ओढून पेटवायचे नाही, दार उघडे असले तरीही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पावसाच्या दिवशी हीच भिजवलेली फळी ट्रेमध्ये ठेवून १९० अंशांच्या ओव्हनमध्ये मासा होतो. धूर जवळजवळ लागत नाही, पण ओलावा तसाच राहतो.

उरलेला मासा पुन्हा तापवू नकोस. गार असतानाच कुस्करून, बारीक कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि लिंबू घालून गरम भाताबरोबर घ्यावा, आणि दोन दिवसांत संपवावा.

तुझे
बाबा