केबीसी सगळ्यांच्या लक्षात आहे, बाकीच्या खेळांचं काय?

मा. संपादक साहेब यांना सप्रेम नमस्कार,

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात टीव्हीवरच्या जुन्या गेम शोंबद्दल पान आलं होतं, ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं आणि वाचून वाईट वाटलं म्हणून लिहायला बसलो. सगळं पान केबीसीचं, म्हणजे ‘कौन बनेगा करोडपती’चं. ते मोठं होतं, त्यात वादच नाही. पण ‘सवाल दस करोड का’, ‘जीतो छप्पर फाड के’, ‘कमजोर कडी कौन’ या सगळ्यांना मिळून दोन ओळी, आणि त्यातही ‘फ्लॉप’ हा शब्द. आमच्या घरी हे शो फ्लॉप नव्हते साहेब.

माझे बाबा सातवी शिकलेले, चार एकर कोरडवाहू. जुलै २००० मध्ये स्टार प्लसवर केबीसी सुरू झालं तेव्हा आमच्याकडे नुकतीच पेरणी उरकली होती आणि केबल येऊन वर्ष झालं होतं. बाबांनी दारव्ह्याच्या बाजारातून दोनशे पानी वही आणली आणि रात्री नऊला टीव्हीसमोर पाट घेऊन बसायला लागले, प्रश्न आला की लिहायचा, चारही पर्याय लिहायचे, बरोबर उत्तराखाली रेघ. आई ताट वाढून हाका मारायची, तर बाबा म्हणायचे, थांब ना वो, आधी उत्तर तं येऊ दे. ती वही या दिवाळीच्या सफाईत लोखंडी पेटीत सापडली म्हणून हे सगळं पुन्हा डोळ्यासमोर आलं.

ऑक्टोबर २००० च्या पानावर हर्षवर्धन नवाथेंचा एक कोटीचा प्रश्न आहे, खासदार नसूनही संसदेच्या कामकाजात कोणाला भाग घेता येतो तो. ‘महान्यायवादी’, म्हणजे केंद्र सरकारचा सर्वात मोठा वकील, हे उत्तर बाबांनी दोनदा अधोरेखित केलंय आणि बाजूला लिहिलंय, बोलता येते, मत देता येत नाही. हे त्यांनी दुसऱ्या दिवशी शाळेच्या गुरुजींना विचारून लिहिलं होतं. पुढं मी भरतीच्या परीक्षांना बसलो तेव्हा राज्यघटनेचा पहिला धडा मला या वहीनंच शिकवला.

केबीसीची टीआरपी बघून त्याच वर्षी झीनं ‘सवाल दस करोड का’ आणलं, अनुपम खेर आणि मनीषा कोइराला. बाबांनी पानाच्या डोक्यावर आकडा लिहिलाय, १०,००,००,००० आणि खाली शून्य मोजल्याची टिंबं. गावात पारावर आठवडाभर हाच विषय, दहा कोटीत किती एकर ओलीत येईल, पूस नदीकाठचं येईल का. शो काही महिन्यातच बंद पडला. का बंद पडला यावर लोकं पुष्कळ बोलतात, मला त्यात पडायचं नाही, पण वहीत त्याची एकोणीस पानं आहेत आणि ती सगळी आमच्या कामाची झाली. मग २००१ मध्ये सोनीवर गोविंदाचं ‘जीतो छप्पर फाड के’ आलं. त्याची पानं कमी आहेत कारण बाबा गोविंदाकडेच बघत बसायचे आणि लिहायचं राहून जायचं.

‘कमजोर कडी कौन’ वरून मात्र आमच्या घरी भांडण व्हायचं. नीना गुप्ता चष्मा लावून उभी राहायची, प्रश्न भराभर, आणि प्रत्येक फेरीनंतर सगळे मिळून एकाला बाहेर काढायचे. मूळ कार्यक्रम बीबीसीचा होता हे मला पुष्कळ नंतर कळलं. बाबांना वेग आवडायचा, आईला तो प्रकारच सहन व्हायचा नाही. ती म्हणायची, आपल्याच सोबतच्याले हाकलून देतेत हे काय चांगलं नाई, वावरात निंदताना एखादी बाई मागं राह्यली तं आपण तिची पात धरतो ना. मी तेव्हा पंधरा वर्षांचा होतो, आईचं बोलणं कानाआड केलं. आता मजुरीच्या बायांसोबत वावरात उभा राहतो तेव्हा दिसतं, दोन बाया मागचीची पात, म्हणजे तिच्या वाट्याची ओळ, दोन्हीकडून घेत घेत तिला बरोबरीत आणतात आणि कोणी काही बोलत नाही. आई बरोबर होती. पण तो शो नसता आला तर ती हे बोलली नसती आणि मी ते लक्षात ठेवलं नसतं, म्हणून त्या शोचाही मी आभारी आहे.

आणि ‘खुल जा सिम सिम’. अमन वर्मा, तीन पडदे, हातातलं बक्षीस ठेवायचं का पडद्यामागचं घ्यायचं. हा मूळचा अमेरिकेतला १९६३ चा खेळ म्हणे, पण आमच्यासाठी तो आमच्या गणपतीतला खेळ आहे. २००२ साली मंडळानं समाजमंदिरात तीन नऊवारी लुगडी दोरीवर टांगली. एकामागं स्टीलचा गुंड म्हणजे पाण्याचं भांडं, एकामागं मोठं कोहळं, एकामागं पऱ्हाटीचा म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा भारा. अख्खं गाव जमलं होतं, बाया एका बाजूला, माणसं एका बाजूला, लाईट दोनदा गेली तर कंदील आणले पण कोणी उठलं नाही. आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या आजीनं हातातली नारळाची पिशवी परत देऊन तिसरं लुगडं मागितलं, मागून पऱ्हाटीचा भारा निघाला, सगळी पोरं ओरडली आणि आजी म्हणते, मले हेच पाह्यजे होतं, घरचं सरपण सगळं भिजून गेलं बाप्पा. चार पोरं तो भारा तिच्या घरी पोचवायला गेली. पुढं पाच-सहा वर्षं हा खेळ दर गणपतीत झाला, टीव्हीवरचा २००४ मध्ये बंद झाला तरी आमचा चालूच होता. याला फ्लॉप कसं म्हणायचं?

२००८ मध्ये शाहरुख खानचं ‘क्या आप पाँचवी पास से तेज हैं’ आलं, त्याची वहीत जेमतेम चार पानं आहेत. तेव्हा भारनियमन इतकं होतं की अर्धा एपिसोड बघितला की अंधार. एका प्रश्नापुढं बाबांनी ‘उत्तर’ असं लिहून जागा कोरी सोडलीय, लाईट गेली होती. मी ती जागा अजून भरलेली नाही, शोध घेतला तर दोन मिनिटात सापडेल हे माहीत आहे, पण हात होत नाही.

शेवटची नोंद २०१९ ची. मधे कितीतरी वर्षं वही बंदच होती. सप्टेंबरात अंजनगाव सुर्जीच्या, आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे यांनी एक कोटी जिंकले, शाळेत पंधराशे रुपये महिन्यानं पोरांची खिचडी शिजवणारी बाई. बाबांचा हात तेव्हा थरथरायचा. त्या दिवशी त्यांनी प्रश्न लिहिलाच नाही, नुसतं नाव, गाव आणि १ कोटी, आणि त्याखाली जाड रेघ. पुढच्याच वर्षी बाबा गेले.

तर संपादक साहेब, माझी मागणी एवढीच आहे. हे बंद पडलेले शो चॅनलवाल्यांकडे कुठंतरी पडून असतील, ते त्यांनी पुन्हा दाखवावेत, रात्री नको तर दुपारी दाखवा, पण पूर्ण दाखवा. यूट्यूबवर तुकडे आहेत, मला तरी ‘सवाल दस करोड का’ चा सलग एक एपिसोड सापडला नाही. आणि तुमच्या वाचकांपैकी कोणी त्या काळी व्हीसीआरवर रेकॉर्ड करून ठेवलं असेल तर त्यांनी कॅसेट फेकू नका, बुरशी लागण्याआधी कॉपी करून घ्या. तुम्ही पुन्हा असं पान काढणार असाल तर बाबांच्या वहीची झेरॉक्स मी दारव्ह्याहून काढून पाठवतो. एकशे बारा पानं लिहिलेली आहेत, पेन्सिलीची काही फिकट झालीत, ती मी वाचून वेगळी लिहून देईन.

आपला,
एक वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ