बाबा, हा रस्ता तुम्ही बघायला हवा

वॉटरटाउन, मॅसॅच्युसेट्स
१७ ऑक्टोबर २०२४

ती. बाबांस,
सा. न.

दसऱ्याच्या दिवशी फोन लागला नाही म्हणून आई काळजीत होती, असं दादाने कळवलं. आम्ही शेजारच्या व्हरमाँट राज्याच्या डोंगरात होतो आणि तिथल्या खोऱ्यांत मोबाइलला रेंज मिळत नाही. सगळे सुखरूप आहोत. काल कोजागरीचं दूध आटवलं आणि आज सविस्तर लिहायला बसले आहे. या प्रवासातलं बरंचसं रस्त्यांबद्दल आहे, आणि रस्त्यांबद्दल मला तुमच्याशीच बोलावंसं वाटतं.

इथून व्हरमाँटला सरळ मोठा हायवे जातो. या वेळी आम्ही तो ब्रॅटलबरो गावाशी सोडला आणि वेस्ट नदीच्या काठाने रूट ३० धरला. पुढे जमैका नावाच्या गावाजवळ रूट १०० लागतो. राज्याच्या दक्षिण टोकापासून जवळजवळ कॅनडाच्या सीमेपर्यंत, ग्रीन माउंटन्स या डोंगररांगेच्या पूर्वेच्या अंगाने तो जातो. लांबी सुमारे साडेतीनशे किलोमीटर, बहुतेक सगळा दोन पदरी, गावांच्या मधून जाणारा. गाव आलं की वेग उतरवायचा. चर्च, टपाल कचेरी, एखादं किराणा दुकान, आणि गाव संपतं. कडेला जाहिरातीचा एकही मोठा फलक दिसत नाही. १९६८ साली राज्याने कायदाच केला आणि होते तेही काढून टाकले. नजरेसमोर पुढचं वळण तेवढं असतं, आणि झाडं.

आईने विचारलं होतं, पानं वाळून लाल होतात का? तिला सांगा, वाळण्याच्या आधीच होतात. थंडी जवळ आली की झाड देठाच्या बुडाशी बुचाचा थर धरतं आणि पानातलं हिरवं द्रव्य विरत जातं. पिवळा रंग पानात मुळातच असतो, हिरव्याखाली झाकलेला. बर्च आणि बीच पिवळे होतात ते त्यामुळे. लाल रंग मात्र मेपल नव्याने बनवतं, पानात अडकून राहिलेल्या साखरेपासून. दिवस उन्हाचे आणि रात्री गार, पण गोठवणाऱ्या नव्हेत, असं जुळलं की तो चांगला चढतो. उत्तरेकडे, स्टो नावाच्या गावाच्या पुढे, पानगळ बरीचशी होऊन गेली होती. दक्षिणेकडचे डोंगर मात्र भरात होते. एका चढावर गाडी थांबवून मी नुसती उभी राहिले. तुमचे जावई फोटो काढत होते, मला तेही सुचेना.

आता तुमच्या कामाचं. या राज्यातले निम्म्याहून जास्त रस्ते आजही बिनडांबरी आहेत. डांबराचा खर्च छोट्या गावांना झेपत नाही हे एक कारण. पण अनेकांना ते तसेच हवेही असतात, कारण डांबर पडलं की गाड्या सुसाट सुटतात. रूट १०० सोडून आम्ही मुद्दाम अशा रस्त्यांवर शिरत होतो. बाबा, काय राखले आहेत ते! मधे फुगीर, दोन्ही कडांना उतरते, बाजूला चर, तीव्र उताराच्या चरात दगड अंथरलेले, आणि जागोजाग मोऱ्या, तोंडं साफ केलेल्या. रोचेस्टरच्या अलीकडे एक ग्रेडर, म्हणजे रस्ता सपाट करणारं यंत्र, कडेला आलेला मुरूम परत मधे ओढत चालला होता. आम्ही बराच वेळ त्याच्यामागे हळूहळू गेलो. पुढे जायची वाट त्याने करून दिली, तरी मला तो बघायचाच होता. ‘रस्ता गाडीने मरत नाही, पाण्याने मरतो,’ हे तुमचं वाक्य आमच्या गाडीत कितीदा तरी म्हटलं गेलं. पसरणी घाटात पहिल्या पावसाआधी तुम्ही गँग घेऊन एकेक मोरी हाताने मोकळी करायचात, तेव्हा मी डबा घेऊन यायची. ते सगळं इथे पुन्हा डोळ्यांपुढे आलं.

इथे पाण्याचा त्रास वेगळा आहे. हिवाळ्यात जमीन खोलवर गोठते. मार्च-एप्रिलमध्ये वरचा थर वितळतो, खालचा गोठलेलाच राहतो, आणि पाण्याला मुरायला जागा उरत नाही. चाकं बुडेपर्यंत चिखल होतो. या दिवसांना इथे मड सीझनच म्हणतात. त्याच सुमारास, मार्चच्या पहिल्या मंगळवारी, गावसभा भरते. रस्त्यांवर वर्षभरात किती पैसा घालायचा हे गावचे मतदार ठरवतात, पुष्कळ ठिकाणी आजही एका सभागृहात समोरासमोर बसून. ज्याच्या दारातला रस्ता खचला तोच उठून विचारतो. तुमची नोकरीची सगळी वर्षं वरून मंजुरी येण्याची वाट बघण्यात गेली. खडी येईपर्यंत खड्डा दुप्पट झालेला असायचा आणि बोलणी तुम्ही ऐकायचात. म्हणून हे ऐकल्यावर पहिली आठवण तुमची झाली.

पाऊस इथलेही रस्ते नेतोच. २८ ऑगस्ट २०११ ला आयरीन वादळाचा पाऊस या डोंगरांवर कोसळला. रोचेस्टर आणि पिट्सफील्डसारखी गावं चहूबाजूंनी तुटली आणि हेलिकॉप्टरने अन्नपाणी पोचवावं लागलं. ज्यांच्याकडे स्वतःची खोदयंत्रं होती त्यांनी ती बाहेर काढली आणि सरकारी मदत पोचायच्या आत ओढ्यांवर तात्पुरत्या वाटा केल्या. २०२३ च्या जुलैत पुन्हा पूर आला, त्यात लडलो गाव आणि राजधानी माँटपीलियर बुडाली. आता जिथे मोरी वाहून गेली तिथे आधीपेक्षा मोठी बसवतात, हे ठिकठिकाणी दिसतं. २०२१ च्या जुलैत आंबेनळी घाट तुटला, तेव्हा निवृत्त होऊनही तुम्ही रात्रभर जागे होतात. इथल्या जुन्या माणसांशी तुमचं भाषेवाचून जमेल, असं मला वाटतं.

लाकडी पुलांचंही सांगायचं आहे. इथे पुलांना छप्पर असतं. वेस्ट डमरस्टनचा पूल १८७२ चा आहे, लाकडी फळ्यांची तिरपी जाळी करून बांधलेला, आणि आजही त्यावरून गाड्या जातात, एका वेळी एकाच बाजूने. छप्पर माणसांसाठी नाही, पुलाच्या सांगाड्यासाठी. लाकूड भिजलं की दहा-वीस वर्षांत कुजतं, कोरडं राहिलं की शंभरी पार करतं. पूर्वी हिवाळ्यात घसरगाड्या जाव्यात म्हणून याच पुलांत आतून बर्फ पसरायचे. मी आत शिरून सांधे बघितले. तुम्ही असता तर तास गेला असता.

त्याच डमरस्टनमध्ये ‘नौलखा’ नावाचं घर आहे. मुंबईत जे. जे. कलाशाळेच्या आवारात १८६५ साली जन्मलेल्या इंग्रज लेखक किपलिंगने ते बांधलं. आपला मोगली तिकडच्या बर्फाळ हिवाळ्यांत लिहिला गेला, हे कळल्यावर मला फार नवल वाटलं.

आणि प्लिमथ नॉच. हे ठिकाण मुख्य रस्त्यापासून थोडं आत, डोंगराच्या कुशीत आहे. राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज इथले. २ ऑगस्ट १९२३ ला आधीचे राष्ट्राध्यक्ष हार्डिंग वारले, तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष असलेले कूलिज सुट्टीसाठी वडिलांच्या घरी आले होते. घरात फोन नव्हता. निरोप्या मध्यरात्री दारात आला. वडील नोटरी होते. पहाटे २ वाजून ४७ मिनिटांनी, रॉकेलच्या दिव्यात, त्यांनीच मुलाला राष्ट्राध्यक्षपदाची शपथ दिली. ती खोली अजून तशीच ठेवली आहे, लहानशी, साधी. कूलिज यांची कबरही तिथेच, घरच्या माणसांच्या रांगेत, साध्या दगडाची. माझ्या मनात या प्रवासातली ही जागा सगळ्यात खोल रुजली आहे. त्या बैठकीच्या खोलीत मी उभी होते आणि माझं चित्त तुमच्याकडे होतं.

रानात शिरलं की दाट झाडीतून दगडांच्या गडग्यांच्या रांगा जाताना दिसतात. आज राज्याची तीन चतुर्थांश जमीन जंगलाखाली आहे, पण १८४० च्या सुमारास हे डोंगर उघडेबोडके होते आणि त्यावर सोळा लाखांहून जास्त मेंढ्या चरत होत्या. लोकरीचा धंदा बसला, माणसं पश्चिमेकडे गेली, रान आपोआप परतलं आणि गडगे राहिले. आपल्याकडे घाटातून कळप घेऊन जाणाऱ्या धनगरांना हे ऐकवा.

मेपलचा पाक पाठवते आहे, दादाचा मित्र दिवाळीला येतो आहे त्याच्याबरोबर. चाळीस लिटर रस आटवावा तेव्हा एक लिटर पाक होतो, आणि ते आटवण्याचं घर थेट आपल्या गुऱ्हाळासारखं. आईने तो आंबोळीवर घालून बघावा.

एक विचारायचं आहे. सुरूर-वाई रस्त्याच्या वडांचं काय झालं? रुंदीकरणाची बातमी वाचल्यापासून जिवाला लागून राहिलं आहे. त्यांच्या बुंध्यांना गेरू-चुन्याचे पट्टे तुमच्या हाताखालच्या माणसांनी मारलेले आहेत. कुठले उभे आहेत, कुठले गेले, हे एकदा सायकलने जाऊन बघा आणि मला लिहा. फोनवर सांगू नका, लिहा. मला ते ठेवायचं आहे.

आणि पासपोर्टचं काम या महिन्यात उरका. पुढच्या सप्टेंबरच्या अखेरीस तुम्ही दोघं इथे हवे आहात. पानं तेव्हा उत्तरेकडून रंगायला लागतात, आपण त्यांच्या मागोमाग खाली येऊ. गुडघ्याचं कारण चालणार नाही, रूट १०० वर थांबायला हव्या तेवढ्या जागा आहेत.

आईला सा. न., वहिनीला नमस्कार, मुलांना गोड पापे.

तुमची,
धाकटी