कोड लिहून घ्यायचा, तर आधी टाइप लिहायला शिकवा

महोदय,

एआय कोड लिहून देतो, मग मुलांनी प्रोग्रॅमिंग शिकायचं कशाला, असं पालक हल्ली प्रवेश घेतानाच विचारतात. मी बीएस्सीला पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवते. यंत्राकडून कोड लिहून घेण्याची एक जुनी आणि जास्त खात्रीची रीत आहे, ती मुलांना शिकवायलाच हवी.

फंक्शनला, म्हणजे एक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याला, काय मिळणार आणि त्याने काय द्यायचं, हे टाइपमध्ये, म्हणजे माहितीच्या प्रकारात (संख्या, मजकूर, जोडी वगैरे), नेमकं लिहायचं. कोड यंत्राने शोधायचा. २००५ मध्ये लेनार्ट ऑगस्टसन यांनी हॅस्केल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेसाठी केलेला 'जिन' हा प्रोग्रॅम हेच करतो. अ आणि ब काहीही असोत, 'अ-ब जोडी घे, ब-अ जोडी दे' म्हटलं की अदलाबदलीखेरीज दुसरं काही बसतच नाही.

'संख्या घे, संख्या दे' म्हटलं तर मात्र वाटेल ते बसतं. म्हणून मोजक्या क्रियांची, त्या कामापुरती छोटी भाषा लागते. तिला डीएसएल म्हणतात. एक्सेल २०१३ मधली फ्लॅश फिल ही रकाना आपोआप भरून देणारी सोय टाइपऐवजी उदाहरणांवरून चालते, पण शोध घेते ती अशाच छोट्या भाषेत.

पायथनमध्ये टाइप हिंट, म्हणजे कोडमध्येच टाइप लिहून ठेवायच्या खुणा, २०१५ पासून आहेत. मुलं सगळीकडे 'फ्लोट' (दशांश संख्या) लिहून मोकळी होतात. मी गुणपत्रिकेचं उदाहरण घेते. 'मिळालेले गुण', 'कमाल गुण' आणि 'टक्केवारी' हे तीन वेगळे टाइप. क्रियाही तीनच: मिळालेल्या गुणांची बेरीज, कमाल गुणांची बेरीज, आणि या दोहोंवरून टक्केवारी. आता दोन विषयांचे आकडे देऊन टक्केवारी मागितली, तर केवळ पहिल्या विषयाची टक्केवारीही टाइपात बसते! मग मुलंच अट सुचवतात: दिलेला प्रत्येक आकडा एकदा, आणि एकदाच, वापरायचा. आता एकच उत्तर उरतं, आणि तेच बरोबर असतं. दोन टक्केवाऱ्यांची सरासरी काढण्याची नेहमीची चूक तर या भाषेत लिहिताच येत नाही.

पायथन स्वतः या हिंट तपासत नाही, त्यासाठी 'मायपाय'सारखं साधन चालवावं लागतं. परीक्षेतही त्यांना गुण नसतात, मग मुलं त्या गाळतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रम बदलत आहेतच, तर अभ्यास मंडळांनी प्रात्यक्षिकात टाइप आणि अटी लिहिण्याला स्वतंत्र गुण ठेवावेत, ही विनंती.

– संगणकशास्त्राची एक शिक्षिका, सांगली