चूक दाखवणारा चोर नव्हे

आमच्या सोसायटीच्या गेटवर पाहुण्यांची नोंद ठेवणारे ॲप आहे. माझा भाचा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लिंकमधला शेवटचा आकडा बदलला की भलत्याच घराचे मोबाइल नंबर आणि येण्याजाण्याच्या वेळा दिसतात, हे त्याच्या लक्षात आले. त्याने आमच्या दोन घरांपुरते तपासून कंपनीला कळवले. उत्तर आले ते पोलिसांत देण्याच्या धमकीचे! पोर आठवडाभर धास्तावलेले होते.

१९६० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांमध्ये ‘हॅकर’ म्हणजे यंत्राच्या पोटात शिरून ते समजून घेणारा. आपल्याकडे त्याचा अर्थ चोर. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ मध्ये गुन्ह्यासाठी अप्रामाणिक किंवा कपटी हेतूची अट आहे. परवानगीविना प्रवेशाबद्दल भरपाईचा बडगा मात्र कलम ४३ मध्ये आहेच. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेकडे अशा त्रुटी कळवता येतात, हे किती सोसायट्यांना ठाऊक आहे?

ॲप घेतानाच त्रुटी कळवण्याचा पत्ता आणि सद्हेतूने कळवणाऱ्यावर कारवाई न करण्याची हमी करारात लिहून घ्यावी. येत्या सर्वसाधारण सभेत मी हा ठराव मांडणार आहे.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे